लॅब्रॅडोरच्या गुडघ्याचं ऑपरेशन आठ दिवसांवर आलंय, काळजीने झोप लागत नाही. काय करू?

तुमचा साडेपाच वर्षांचा लॅब, वजन ३८ किलो, मागच्या उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय, टीपीएलओ (नडगीचं हाड कापून, फिरवून धातूच्या प्लेटने बसवायचं ऑपरेशन) ठरलंय, आणि रात्री 'भुलीतून उठलाच नाही तर' या विचाराने तुमचा डोळा लागत नाही. काळजी कमी कशी करायची, असं विचारलंय.

कमी होत नाही. आमच्या बंड्याचे दोन्ही गुडघे झालेत, तेरा महिन्यांच्या अंतराने, आणि दुसऱ्या वेळी पोटातला गोळा पहिल्याएवढाच होता. पण तुमची काळजी भलत्या जागी लागली आहे, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. तुम्ही टेबलावरच्या दीड-दोन तासांना घाबरताय. घाबरायचंच असेल तर ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला घाबरा, हॉलमधल्या सोफ्याला घाबरा, आणि 'अरे, बिचाऱ्याला किती दिवस कोंडणार' म्हणणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त घाबरा. असा माणूस प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे तो माझा मोठा भाऊ आहे.

भुलीचं आधी उरकतो. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात सुमारे ९८ हजार कुत्र्यांच्या भुलीचा हिशेब ठेवला गेला. दगावण्याचं प्रमाण एकंदर ०.१७ टक्के निघालं. निरोगी कुत्र्यांत ०.०५ टक्के, म्हणजे साधारण दोन हजारांत एक, आणि आधीच आजारी असलेल्यांत १.३३ टक्के. तेव्हा आपला कुत्रा 'निरोगी' या रकान्यात बसतो का, हे ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नाही, आत्ता तपासायचं. दुसरं असं की दगावलेल्यांपैकी बरेच टेबलावर नाही, ऑपरेशन संपल्यानंतर गेले, आणि त्यातलेही पुष्कळ पहिल्या तीन तासांत. म्हणून सर्जनला 'तुम्हाला किती वर्षांचा अनुभव' यापेक्षा 'घशातली नळी काढल्यावर त्याच्याजवळ कोण बसणार' हे विचारा. भूल द्यायला वेगळा डॉक्टर आहे, की सर्जनच हाड कापता कापता मॉनिटरकडे बघणार? ऑक्सिजन, रक्तदाब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाचं तापमान, यातलं काय काय मोजणार? चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडे मी माझा कुत्रा नेणार नाही.

रक्ततपासणीत सगळे किडनी-लिव्हर बघतात, आपल्याकडे खरी ग्यानबाची मेख गोचिडांत आहे. गोचीड तापाचे जंतू कित्येक कुत्र्यांच्या रक्तात महिनोन् महिने बसून राहतात. कुत्रा खातो, पितो, शेपटी हलवतो आणि प्लेटलेट मात्र खाली गेलेल्या असतात. कुत्र्याला साधारण दोन लाखांच्या वर हव्यात. एक लाखाच्या खाली असतील तर सर्जन सहसा हाडाला करवत लावत नाही. रिपोर्टमध्ये आकडा कमी दिसला तर लगेच हाय खाऊ नका. प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या की मशीन त्या कमी मोजतं. काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली हाताने मोजायला सांगा. खरोखरच गोचीड ताप निघाला तर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो, म्हणजे तारीख पुढे जाणार. हे सगळं आदल्या दिवशी कळण्यापेक्षा आठ दिवस आधी कळलेलं बरं. उद्याच रक्त द्या.

औषधांची यादी लिहून न्या. लंगडायला लागल्यावर जवळच्या क्लिनिकमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं गेलं असेल तर ते कधी, हे सर्जनला कळायलाच हवं. स्टेरॉइड आणि नेहमीची वेदनाशामक औषधं एकत्र आली की पोटात अल्सर होऊ शकतात. दोन्हींत पाच ते सात दिवसांचं अंतर ठेवतात. आणि घरातल्या डब्यातलं काहीही देऊ नका. आयबुप्रोफेन नाही, डायक्लोफिनॅक नाही. जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक, ते दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरत होती म्हणून, २००६ मध्ये बंद झालं, पण माणसांच्या गोळ्या घरोघरी पडलेल्या असतात आणि 'अर्धी दिली तर काय होतंय' म्हणणारेही असतात. आतडं आणि किडनी जाते, ते होतं.

आता या आठ दिवसांत हाताला काम द्या.

पिंजरा आजच मागवा. मोठ्या लॅबला ४२ इंची लागतो. उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं, उडी मात्र मारता येऊ नये, एवढं माप. पहिले तीन दिवस दार उघडं ठेवून जेवणाचं भांडं आत ठेवायचं, बस. मग तो जेवत असताना दार लावायचं. मग दहा मिनिटं, मग अर्धा तास. आठव्या दिवशी तो स्वतःहून आत जाऊन घोरतो. हे न करता ऑपरेशनच्या रात्री, भुलीच्या गुंगीत, पाय दुखत असताना पहिल्यांदा कोंडलंत तर तो पिंजऱ्याशी कुस्ती खेळतो आणि घरातले म्हणतात, 'बघ, त्याला नाही आवडत.' जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायच्या कोनचंही तसंच. रोज पंधरा मिनिटं घालून फिरवा, दाराच्या चौकटीला चार वेळा आपटला की अंदाज येतो त्याला.

फरशी. आपल्याकडच्या व्हिट्रिफाइड टाइल्स म्हणजे तीन पायांच्या कुत्र्यासाठी बर्फ. पिंजऱ्यापासून मुख्य दारापर्यंत रबरी पाठीच्या पट्ट्या किंवा योगा मॅट अंथरा, कडा चिकटपट्टीने पक्क्या करा. नखं कापून घ्या आणि पंजाच्या गाद्यांमधले केस कातरा, त्या केसांमुळेच पाय सटकतो. एक-दोन दिवस आधी आंघोळ घाला, कारण मग टाके निघेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, पाणी लावता येणार नाही. आंघोळ घालताना त्या पायाची कातडी नीट बघा. पुरळ, फोड, ओलसर चट्टा दिसला तर सर्जनला आधीच फोन करा. कातडीवरचे जंतू प्लेटपर्यंत पोचले तर फार महागात पडतं. साखळी बांधून, एका जागी उभं राहून शू करायची सवय नसेल तर तीही आत्ताच लावा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहत असाल तर दोघांनी उचलायचा सराव करा, एकाचा हात छातीखाली आणि दुसऱ्याचा कमरेखाली, पाय लोंबकळू न देता. पोटाखालून जुना टॉवेल घालून मागचा भार धरता येतो, पण जिन्यासाठी तो पुरत नाही.

कॅलेंडर बघा. ऑपरेशननंतरच्या आठ आठवड्यांत दिवाळी येत असेल तर फटाक्यांना तुमचा कुत्रा काय करतो ते आठवा. सोफ्याखाली घुसतो? दारावर उड्या मारतो? मग शांत ठेवणारं औषध आधीच लिहून घ्या, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी डॉक्टर फोन उचलत नाहीत. केवळ त्यासाठी ऑपरेशन महिनो‌न् महिने पुढे ढकलू नका मात्र. गुडघ्यात मेनिस्कस नावाची गादी असते, गुडघा सैल असला की ती रोज चिरडली जाते.

आदल्या रात्री दहानंतर खाणं बंद, सकाळपर्यंत पाणी चालेल. निरोगी मोठ्या कुत्र्याला सहा ते आठ तास पोट रिकामं असलेलं पुरतं. तुमच्या डॉक्टरांनी बारा सांगितले असतील तर बारा. कारण साधं आहे: भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. हे घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं सांगा. आजीला सांगा, मुलांना सांगा, कामाला येणाऱ्या मावशींना सांगा. 'एकच पारले-जी दिलं, किती केविलवाणं बघत होता' हे वाक्य सकाळी टेबलाजवळ ऐकू आलं तर बोलायचं काय? खाल्लं असेल तर मात्र लपवू नका. तारीख पुढे गेलेली परवडते.

घरी आणल्यावर पहिल्या रात्री तो एकसुरी कण्हेल. ते पुष्कळदा गुंगीचं असतं, सगळंच दुखण्याचं नसतं. हिरड्या गुलाबी आहेत का बघा, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. जेवण निम्मं. शी दोन-तीन दिवस झाली नाही तरी चालतं, शू चोवीस तासांत झाली नाही तर फोन करा. तिसऱ्या दिवशी घोट्याजवळ पाण्याच्या पिशवीसारखी सूज लोंबते आणि माणसं घाबरून रात्री दवाखाना गाठतात. गुडघ्याची सूजच खाली उतरलेली असते ती. पातळ कापडातून बर्फ, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा. जखमेवर हळद लावायची नाही. तूप, खोबरेल काही नाही. आणि कोन काढायचा नाही, 'फक्त जेवताना' काढलात तरी समोर बसूनच. दहा मिनिटांच्या चाटण्यात टाके उघडतात. बँडेज असेल तर बाहेर नेताना वर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि घरात आल्याआल्या सोडा. मधल्या दोन बोटांची नखं एकमेकांपासून लांब गेलेली दिसली तर पंजा आत सुजलाय, बँडेज घट्ट झालंय. तसंच दवाखान्यात न्या. काळी, डांबरासारखी शी किंवा सारखी उलटी दिसली तर वेदनाशामकाचा पुढचा डोस थांबवून आधी फोन.

आता मूळ भांडण, कोंडण्याचं. टीपीएलओमध्ये तुटलेलं लिगामेंट शिवत नाहीत, हे बहुतेक मालकांना माहीतच नसतं. कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा माथा मागे उतरता असतो, साधारण २० ते २५ अंश. पाऊल टेकलं की मांडीचं हाड त्या उतारावरून घसरू बघतं आणि ते लिगामेंट त्याला धरून ठेवत असतं. ते गेलं की प्रत्येक पावलाला घसरण. सर्जन नडगीचा माथा अर्धगोल करवतीने कापतो, फिरवतो आणि उतार पाच अंशांच्या आसपास आणून प्लेट आणि स्क्रूने बसवतो. उतारच उरला नाही, म्हणून घसरणं थांबतं. म्हणजे तुमच्या कुत्र्याचा पाय मुद्दाम मोडून जोडलेला आहे. हाड जुळायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि तोवर ३८ किलोच्या कुत्र्याचा त्या पायावर येणारा भार प्लेटवर आणि मूठभर स्क्रूंवर असतो.

गंमत अशी की गुडघा पक्का झाल्यामुळे कुत्र्याला दोन-तीन आठवड्यांतच मस्त वाटायला लागतं. तो पाय टेकतो, नाचतो, दारावरची घंटा वाजली की धावतो. दुखत नाही म्हणजे हाड जुळलं, असं कुत्र्याला वाटतं आणि माझ्या भावालाही वाटतं. बंड्याच्या पहिल्या गुडघ्याच्या वेळी चोविसाव्या दिवशी पिंजऱ्याचं दार 'पाचच मिनिटं' उघडलं गेलं. सोफ्यावर एक उडी, खाली एक. नडगीच्या पुढच्या उंचवट्याला, जिथे मांडीच्या स्नायूचा दोर ओढत असतो तिथे, तडा. आणखी सहा आठवडे कोंडणं वाढलं. पिंजऱ्याला जेल म्हणणाऱ्यांनी ही वाढीव शिक्षा कोणी दिली ते सांगावं.

तेव्हा पहिले दोन आठवडे फक्त शी-शूपुरतं, आखूड साखळीवर, पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. मग दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवत जायचं, हळू, इतकं हळू की चारही पाय टेकले पाहिजेत. जोरात चालवलं की तो पाय उचलून तिघांवर पळतो. सोफ्यावर उलट्या खुर्च्या घाला. सहा ते आठ आठवड्यांनी एक्स-रे, आणि तो बघून सर्जन म्हणेपर्यंत साखळी सुटणार नाही. ऑपरेशनच्या दिवशीचा एक्स-रेही मोबाइलमध्ये मागून घ्या, पुढून आणि बाजूने असे दोन्ही, म्हणजे तुलना करता येते. टेकत असलेला पाय अचानक उचलून धरला तर 'मुरगळला असेल' म्हणत दोन दिवस थांबू नका. आणि खाणं पावपट कमी करा. ३८ किलो हे पुष्कळ लॅबच्या अंगावर जास्तच असतं. एक गुडघा गेलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्यांच्या आसपास कुत्र्यांचा पुढे दुसराही जातो.

हे सगळं टीपीएलओचं आहे. नायलॉनचा दोरा घालून केलेलं ऑपरेशन, पॉमेरेनियनच्या गुडघ्याची सरकणारी वाटी, रॉड घातलेलं फ्रॅक्चर, यांची वेळापत्रकं वेगळी. हृदयात मर्मर (ठोक्यांत जादा आवाज) असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या भुलीचा हिशेबही वेगळा. मी डॉक्टर नाही, तुमच्या सर्जनने यातलं काही निराळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. दुसरं मत हवं असेल तर मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, पण रिपोर्ट आणि एक्स-रे बरोबर न्या, नुसता कुत्रा नको.

दुसऱ्या गुडघ्याच्या वेळी पिंजऱ्याची किल्ली माझ्या खिशात होती. दादा हे वाचत असेल तर, आठव्या आठवड्याचा एक्स-रे कपाटात वरच्या खणात ठेवलाय.