रोटाव्हायरसच्या जुलाबांत झटके आले, तर मेंदूवर जाणारा वेगळा स्ट्रेन (विषाणूचा उपप्रकार) जनुकीय तपासणीत ओळखता येतो का?

थेट ओळखता येत नाही. 'हा बदल दिसला म्हणजे मेंदूचा विषाणू' अशी एकही पक्की खूण अजून सापडलेली नाही. म्हणून नुसतं टायपिंग करून, म्हणजे जी१पी[८] असा विषाणूचा प्रकार ठरवून, थांबू नका. ते ११ पैकी फक्त २ जनुकांवरून (व्हीपी७ आणि व्हीपी४) ठरतं. सगळे ११ तुकडे (जनुकं) वाचा, आणि त्याच हंगामातल्या, त्याच भागातल्या, झटके न आलेल्या मुलांच्या स्ट्रेनशी ताडून पाहा. ही तुलना नसेल तर सापडलेला प्रत्येक बदल उगाच संशयित ठरतो. एनएसपी४ हे विषाणूचं प्रथिन बनवणारं जनुक नीट तपासा, कारण ते प्रथिन पेशीतलं कॅल्शियम वाढवतं, आणि झटक्यांशी त्याचा संबंध असावा असा संशय आहे.

विषाणूचा आरएनए दुपदरी असतो. आरटी-पीसीआरआधी (आरएनएचा डीएनए करून तो वाढवणारी चाचणी) तो ९५ अंशांवर ५ मिनिटं तापवून लगेच बर्फात ठेवला नाही, तर पदर पुन्हा जुळतात आणि निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणजे विषाणू असूनही दिसत नाही.

सगळ्यात मोठा घोळ पाठीच्या पाण्याच्या (मणक्यातून काढलेल्या द्रवाच्या) नमुन्यात होतो. शौचाच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी कण असतात, त्यामुळे त्यातलं जरासं जरी या नमुन्यात मिसळलं तरी निकाल चुकतो. पाठीच्या पाण्यातला आरएनए शौचाच्या आधी, वेगळ्या खोलीत, कोऱ्या कंट्रोलसोबत (विषाणू नसलेल्या नमुन्यासोबत) काढा. लस नुकतीच दिली असेल तर शौचात लसीचाच विषाणू सापडू शकतो. पुण्यात बनणाऱ्या रोटासिल लसीत तर पाच रिअसॉर्टंट (माणसाच्या आणि गाईच्या रोटाव्हायरसची जनुकं मिसळून केलेले विषाणू) आहेत, तेव्हा लसीची तारीख विचाराच.

आणि हे सगळं नंतर. झटके आलेल्या बाळाची साखर, सोडियम आणि कॅल्शियम आधी तपासायला हवं.