आरिमात्सुचा शिबोरी रस्ता: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जपानमधल्या नागोयात एक मोकळा दिवस आहे. जवळपास जुनी कारागिरांची वस्ती पाहायची तर कुठे जावे? कसे? (वाचक, ठाणे)

आरिमात्सुला जा. तोकाइदो या जुन्या राजमार्गावरची ही वस्ती 1608 मध्ये ओवारी संस्थानाने मुद्दाम वसवली. जमीन शेतीला धड नाही, तेव्हा पोटापाण्यासाठी लोकांनी सुती कापड बांधून रंगवायला घेतले. हीच शिबोरी. वाटसरू तेच हातपुसणे भेट म्हणून घरी नेत. सुमारे 800 मीटरचा तो रस्ता आज सरकारने जपलेला वारसा आहे.

मेइतेत्सु नागोया स्टेशनवरून तोयोहाशीच्या दिशेची गाडी घ्यावी. साधारण वीस-पंचवीस मिनिटे लागतात. दोन ठिकाणी लोक फसतात. जेआर (जपान रेल्वे) पास मेइतेत्सु या खासगी रेल्वेवर चालत नाही; सुइका किंवा मानाका हे आधी पैसे भरलेले प्रवास-कार्ड चालते. शिवाय इथे एकाच फलाटावरून वेगवेगळ्या दिशांच्या गाड्या पाठोपाठ सुटतात आणि जलद गाड्या बहुधा आरिमात्सुला थांबतच नाहीत. म्हणून फलकावर गाडीचा प्रकार वाचूनच चढा. लोकल किंवा सेमी-एक्सप्रेस घेतली की काम झाले.

प्रश्न : अशा रस्त्यावर घरे सारखीच दिसतात. नेमके काय पाहायचे? (वाचक, नाशिक)

आधी वर पाहा. 1784 च्या आगीत जवळजवळ सगळे गाव जळाले. त्यानंतर गवताची छपरे जाऊन कौले आली, आणि वरच्या मजल्याच्या भिंती, छपराच्या वळचणीसकट, माती-चुन्याच्या जाड लेपाखाली गेल्या. ठिणगी पडली तरी लाकूड पेटू नये, हा हेतू. वरच्या खिडक्यांचे गजसुद्धा असेच लेपलेले, जाड असतात. हात्तोरी घराण्याच्या वाड्यावर छपराच्या वर निघालेली आगभिंत दिसते. तिला उदात्सु म्हणतात. गोदामांच्या भिंतींवर खालच्या बाजूला चौकोनी काळ्या फरश्या आणि त्यांच्या सांध्यांवर चुन्याच्या फुगीर रेघा असतात. त्या पावसाच्या माऱ्यापासून भिंत वाचवतात. दर्शनी भाग इतके रुंद का? वाटसरूला माल रस्त्यावरूनच दिसावा म्हणून.

या घरांत माणसे राहतात, आणि रस्त्यावरून गाड्याही जातात. फोटोसाठी मध्ये उभे राहू नका. ज्या घरात आत सोडतात तिथे उंबऱ्यानंतरच्या उंच लाकडी पायरीपाशी बूट काढावेत.

गर्दी चालत असेल तर जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी शिबोरी उत्सव असतो, पण त्या दिवशी भिंती दिसत नाहीत, माणसेच दिसतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी कळसूत्री बाहुल्यांचे तीन रथ निघतात.

प्रश्न : तासाभरात शिबोरी शिकता येते का? आमची बांधणी आणि ही एकच का? (वाचक, कोल्हापूर)

दोन्हींचे तत्त्व एकच: कापड आवळायचे म्हणजे तिथे रंग शिरत नाही. आरिमात्सुत मात्र बांधण्याच्या शंभराच्या आसपास पद्धती घडल्या, आणि एक बाई आयुष्यभर एखादीच पद्धत करत असे. नक्षी आधी साच्याने निळ्या रसात छापतात; पाणी लागले की हा रस जातो, म्हणून ओल्या हाताने कापड धरायचे नाही. मग बांधणे, रंगवणे, दोरे काढणे, प्रत्येक काम वेगळ्या घरी. शिबोरी काइकान या केंद्रात हे हात जवळून बघता येतात. आधी ते पाहावे, मग रस्ता पाहावा, असे आम्ही आग्रहाने सांगू.

नवख्याने सेक्का, म्हणजे हिमफुलाची नक्षी, निवडावी. जागा आधी नोंदवावी लागते. सुती रुमालाच्या लांबीला चार पदर पाडा, मग त्या पट्टीच्या समभुज त्रिकोणी घड्या घाला. घडी एकदा पुढे, एकदा मागे. एकाच दिशेने गुंडाळत गेलात तर आतले पदर कोरे राहतात. बिघाडाचे हे नेहमीचे कारण. त्रिकोण दोन लाकडी फळ्यांत घट्ट आवळा, पाण्यात भिजवून निथळा आणि फक्त कडा रंगात बुडवा. कोरडे कापड रंग डागाडागाने ओढते. जास्त वेळ बुडवले तर रंग मध्यापर्यंत पसरून पांढरे उरतच नाही.

दोऱ्याने बांधलेले काम केले असेल तर गाठ सोडायला कात्री घेऊ नका, कापडाला भोक पडते. ठिपक्यांच्या बांधणीत कापड दोन्ही बाजूंनी झटक्याने ताणले की दोरे सुटतात.

प्रश्न : अस्सल माल कसा ओळखावा? (वाचक, पणजी)

बांधलेल्या कापडावर बारीक सुरकुत्या आणि कुठे कुठे टाक्याची भोके राहतात. ठिपके एकसारखे नसतात, पांढऱ्याची कड किंचित धूसर असते. छापील नकलेत सगळे ठिपके जुळे, आणि उलटी बाजू फिकी. सुरकुत्या पॉलिएस्टरवर उष्णतेने कायम बसवता येतात. सुती कापडावर त्या धुण्या-इस्त्रीने मंदावतात, म्हणून इस्त्री दाबू नका, वरून वाफ द्या. निळीचे कापड पहिल्या काही वेळा थंड पाण्यात वेगळेच धुवा.