कल्पना कुणाची, खिडकी कुणाची?

विंडोज, मॅक आणि लिनक्स या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीम एकमेकींची फीचर्स उचलतात का, या एकाच विषयावर या वेळी बरेच प्रश्न आले आहेत. त्यातले काही घेतो.

प्रश्न: मी विंडोजवर काम करतो, धाकटा भाऊ मॅकवर. ‘तुझ्या विंडोजने सगळं मॅकवरून ढापलंय’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. यात तथ्य किती?

तथ्य आहे, पण भावाने गोष्ट मधूनच सुरू केली आहे. ती थोडी मागे नेऊ.

झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७३ साली ऑल्टो नावाचा संगणक तयार झाला. त्याला माऊस होता, पडद्यावर चित्रं उमटत होती, आणि पुढे त्याच्यावर स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्याही आल्या. माऊस मात्र पार्कचा नव्हे. तो डग्लस एंगेलबार्ट यांनी डिसेंबर १९६८ मध्येच सगळ्यांसमोर चालवून दाखवला होता. १९७९ च्या अखेरीस स्टीव्ह जॉब्ज आणि ॲपलची मंडळी पार्कमध्ये हे काम बघायला गेली. त्या बदल्यात झेरॉक्सला ॲपलचे १ लाख शेअर्स १० लाख डॉलरना घेता आले, म्हणजे चोरून आत शिरण्याचा प्रकार नव्हता. १९८३ साली ॲपलचा लिसा संगणक आला, जानेवारी १९८४ मध्ये मॅकिंटॉश, आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती.

आता मला फार आवडणारा भाग. पार्कमधल्या खिडक्या पाहून ॲपलच्या बिल ॲटकिन्सन यांची अशी समजूत झाली की, मागच्या खिडकीचा जो तुकडा उघडा दिसतोय तो तिथे आपोआप नीट रंगवला जातो. लोकांनी करून दाखवलंय म्हणजे जमणारच, या विश्वासावर ते महिनोन्‌महिने त्यामागे लागले आणि वेड्यावाकड्या आकाराचे तुकडे झपाट्याने हिशेबात घेणारी रचना त्यांनी बसवली. नंतर कळलं, की पार्कच्या लोकांनी ते केलेलंच नव्हतं! नक्कल करायला बसलेला माणूस नवा शोध लावून उठला. आज खिडकी बाजूला सरकवली की मागचं चित्र जागच्या जागी दिसतं, तेव्हा मला हटकून हे आठवतं.

आणि देवाणघेवाण एकतर्फी नाही हेही भावाला सांगा. चालू असलेल्या प्रोग्रॅममध्ये उड्या मारायला तो कमांड आणि टॅब दाबत असेल. विंडोजवाले त्याआधी कितीतरी वर्षं ऑल्ट आणि टॅब दाबत होते. मॅकमध्ये ती सोय १९९८ मध्ये, ८.५ आवृत्तीत आली.

प्रश्न: एवढं उघड साम्य होतं, तर ॲपल कोर्टात का हरली?

पहिल्या विंडोजमध्ये खिडक्या एकमेकींवर चढत नसत. फरशी बसवावी तशा त्या शेजारी शेजारी बसत. १९८७ च्या अखेरच्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर यायला लागल्या, आणि मार्च १९८८ मध्ये ॲपलने मायक्रोसॉफ्ट आणि ह्यूलेट-पॅकार्ड या दोघांवर दावा लावला.

खटला दोन गोष्टींवर अडला. एक म्हणजे १९८५ मध्ये ॲपलनेच मायक्रोसॉफ्टला मॅकच्या पडद्यावरच्या रचना वापरण्याचा परवाना लिहून दिला होता. ॲपलने साम्याच्या १८९ बाबी मांडल्या होत्या, त्यातल्या १७९ त्या परवान्यातच बसल्या. दुसरी बाब मुद्द्याची. कॉपीराइट मांडणीला मिळतो, कल्पनेला मिळत नाही. तुम्ही काढलेलं कचरापेटीचं चित्र तुमचं, पण नको असलेली फाइल एखाद्या पेटीत टाकावी ही कल्पना कुणा एकाची नव्हे. १९९४ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

खटला चालू असताना, १९८९ च्या डिसेंबरात, झेरॉक्सनेही ॲपलवर दावा केला होता. त्यातला बहुतेक भाग काही महिन्यांतच निकालात निघाला.

ॲपल-मायक्रोसॉफ्ट खटल्याचा निकाल योग्य होता असं माझं ठाम मत आहे. खिडकी, मेनू, फोल्डर या कल्पनांवर एकाची मालकी मान्य झाली असती, तर संगणक बदलणाऱ्या प्रत्येकाला नव्याने बाराखडी गिरवावी लागली असती.

प्रश्न: कॉपी-पेस्टचे शॉर्टकट सगळीकडे सारखेच कसे? आणि लिनक्सच्या टर्मिनलमध्येच, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ते का चालत नाहीत?

या प्रश्नाला मी जरा जास्त जागा देणार आहे, कारण एका कल्पनेचा प्रवास इतका स्वच्छ क्वचित दिसतो.

पार्कमध्ये ब्राव्हो नावाचा एडिटर होता. त्यात आज्ञा देण्याची अवस्था वेगळी आणि मजकूर लिहिण्याची वेगळी. आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे विसरून एखाद्याने इंग्रजीत ‘एडिट’ असा शब्द टाइप केला, तर ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जाई, ‘डी’ने पुसला जाई, ‘आय’ने लिहिण्याची अवस्था सुरू होई, आणि अख्ख्या मजकुराच्या जागी एकटं ‘टी’ हे अक्षर उरे. लॅरी टेसलर यांना अशा अवस्थांचा मनस्वी तिटकारा होता. त्यांनी टिम मॉट यांच्यासोबत जिप्सी हा एडिटर केला. त्यात आधी मजकूर निवडायचा आणि मग त्याचं काय करायचं ते सांगायचं. कापणं, उचलणं, चिकटवणं हे आपल्याला ओळखीचं रूप तिथलं. पुढे टेसलर ॲपलमध्ये गेले, आणि कल्पना त्यांच्यासोबत गेली.

ॲपलने झेड, एक्स, सी, व्ही या शेजारच्या चार कळा निवडल्या. झेड केलेलं मागे घ्यायला, एक्स म्हणजे फुली मारून काढणं, सी कॉपीचा, आणि व्ही हे ‘इथे घाला’ म्हणून ओळीत करतात त्या खुणेसारखं. डावा हात न हलवता चारही सापडतात. विंडोजच्या सुरुवातीच्या काळात मात्र वेगळी जुळणी होती: उचलायला कंट्रोल आणि इन्सर्ट, चिकटवायला शिफ्ट आणि इन्सर्ट. पुढे विंडोजने ॲपलची अक्षरं घेतली, जुनी जुळणीही ठेवली. आज करून बघा, बहुतेक ठिकाणी ती चालते.

अडचण इथून सुरू होते. ॲपलने या कामासाठी कमांड ही स्वतंत्र कळ ठेवली होती. विंडोजच्या कीबोर्डवर ती नव्हती, म्हणून कंट्रोल घेतली गेली आणि लिनक्सचे डेस्कटॉपही त्याच वाटेने गेले. पण लिनक्स ज्या जुन्या सिस्टीमच्या नमुन्यावर आहे त्या युनिक्सच्या जगात कंट्रोल-सीचा अर्थ कधीच ठरून गेला होता: चालू प्रोग्रॅम थांबव. त्यामुळे लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कॉपीसाठी शिफ्टही दाबावी लागते. माझ्या ओळखीत एकाने, नुकताच विंडोजवरून आलेला असताना, पडद्यावरची एक ओळ उचलायला कंट्रोल-सी दाबलं आणि दुपारभर चाललेलं काम बंद पडलं. मॅकच्या टर्मिनलमध्ये हा गोंधळ नाही, कारण तिथे दोन कामांना दोन वेगळ्या कळा आहेत. अक्षरं उचलली गेली, पण वेगळी कळ ठेवण्यामागचं शहाणपण मागेच राहिलं. नक्कल करण्याला माझा विरोध नाही. कारण न समजता केलेली नक्कल मात्र वापरणाऱ्याला वर्षानुवर्षं छळते.

प्रश्न: विंडोजमध्ये फाइलच्या पत्त्यात उलटी तिरकी रेघ का असते?

हीही अर्धवट उचललेल्या वस्तूचीच गोष्ट. टिम पॅटरसन यांनी ८६-डॉस (पुढे विंडोज जिच्यावर उभी राहिली ती सिस्टीम) लिहिलं तेव्हा गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या सिस्टीमचा नमुना समोर होता. ‘सी ड्राइव्ह’ म्हणताना येणारं अक्षर त्याच वळणाचं. तेच पुढे १९८१ मध्ये एमएस-डॉस झालं. त्यात फोल्डर नव्हतेच. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत युनिक्सवरून फोल्डरात फोल्डर ठेवण्याची सोय घेतली गेली. पण युनिक्स ज्या सरळ तिरक्या रेघेने पत्ता तोडतं, ती डॉसमध्ये आज्ञेचे पर्याय लिहिण्यात आधीच अडकली होती. म्हणून रेघ उलटी झाली. अजूनही विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये सरळ रेघेने पत्ता लिहिला तर तो उघडतो.

प्रश्न: स्पॉटलाइट आधी, की विंडोज व्हिस्टामधला सर्च आधी?

हातात आधी पडला तो मॅकमधला सर्च, म्हणजे स्पॉटलाइट, एप्रिल २००५ मध्ये. व्हिस्टा सर्वांसाठी २००७ च्या जानेवारीत आली. पण मायक्रोसॉफ्टने तशा सर्चचं प्रात्यक्षिक २००३ मध्येच दाखवलं होतं. २००४ च्या ॲपलच्या परिषदेत ‘रेडमंड, फोटोकॉपी यंत्रं सुरू करा’ अशा अर्थाचे फलक लागले होते (रेडमंड म्हणजे मायक्रोसॉफ्टचं गाव). ते बघताना एक नाव कुणाच्या डोळ्यांपुढे आलं नसेल: बीओएस. १९९० च्या दशकातल्या या सिस्टीमच्या फाइल रचनेत असा जिवंत, म्हणजे फाइल बदलल्या की निकालही आपोआप बदलणारा, सर्च होता. ती लिहिणारे डॉमिनिक जिआम्पाओलो २००२ मध्ये ॲपलमध्ये गेले आणि स्पॉटलाइटच्या कामात होते. बीओएस बाजारात टिकली नाही, आणि तिचं नावही या वादात कुणी घेत नाही. याची मला खंत वाटते.

प्रश्न: लिनक्स म्हणजे दोघांची फुकट नक्कल, असं ऑफिसात ऐकतो. खरं आहे?

लिनक्स हे युनिक्सच्या नमुन्यावर बेतलेलं आहे, आणि लिनस टॉरव्हल्ड्स यांनी १९९१ पासून ते कधी लपवलेलं नाही. लिनक्सच्या डेस्कटॉपवर विंडोज आणि मॅकची छाप आहे हेही कबूल. आता उलटा प्रवास बघा. एकाहून जास्त डेस्कटॉप ठेवण्याची सोय युनिक्स-लिनक्सवाल्यांना १९९० च्या आसपासपासून होती. मॅकमध्ये ती २००७ मध्ये आली, विंडोजमध्ये थेट २०१५ मध्ये. एका ठिकाणाहून प्रोग्रॅम मागवायचा आणि त्याला लागणारं बाकीचं सामान आपोआप यायचं, ही डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारातली, १९९० च्या दशकातली सवय. मॅकचं ॲप स्टोअर आलं २०११ मध्ये. ‘सुडो’ ही प्रशासकाच्या अधिकाराने काम करून घेणारी आज्ञा युनिक्सवर १९८० च्या सुमाराची, विंडोज ११ मध्ये याच नावाने २०२४ मध्ये दाखल झाली. आणि २०२० पासून तर विंडोजच्या आत खरा लिनक्स कर्नल, म्हणजे त्या सिस्टीमचा गाभा, चालवता येतो. त्याला मी नक्कल म्हणणार नाही. तो कोड परवान्याच्या अटी पाळून, नावानिशी घेतलेला आहे. घेण्याची माझ्या मते हीच सर्वांत सरळ पद्धत.

प्रश्न: मी एकटा छोटे ॲप्स बनवतो. माझं ॲप उद्या ऑपरेटिंग सिस्टीममध्येच आलं तर?

ही भीती खरी आहे, आणि तुम्हाला खोटा धीर देणार नाही. मॅकवर वॉटसन नावाचं एक ॲप होतं. हवामान, सिनेमाच्या वेळा, शेअरचे भाव अशी इंटरनेटवरची माहिती ते एका खिडकीत आणून देई. २००२ मध्ये ॲपलने आपल्या शेरलॉक या शोधण्याच्या प्रोग्रॅमची तिसरी आवृत्ती आणली आणि ती जवळपास हेच सगळं फुकट करू लागली. तेव्हापासून अशा प्रकाराला ‘शेरलॉक होणं’ असंच म्हणतात. डेस्कटॉपवर छोटी विजेट्स मांडणाऱ्या कॉन्फॅब्युलेटर या ॲपच्या बाबतीत ॲपलच्या २००५ च्या डॅशबोर्डवरून तोच आरोप झाला. तिथे ॲपलची बाजूही आहे, कारण १९८४ च्या पहिल्या मॅकमध्येच गणकयंत्रासारखे छोटे डेस्क ॲक्सेसरी होते.

तरी माझ्या लेखी या नकलेचं वजन वेगळं आहे. मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल भांडतात तेव्हा दोघांकडे वकील असतात. इथे एका बाजूला एकटा माणूस असतो आणि समोरच्याचं फीचर प्रत्येक मशीनवर आधीच बसवलेलं असतं. कायद्यात चूक नसली तरी नाव घेऊन श्रेय देणं एवढं तरी मोठ्या कंपनीकडून झालंच पाहिजे. तुमच्यापुरतं सांगायचं तर सिस्टीमला सर्वांसाठी एकच साचा द्यावा लागतो. एखाद्या धंद्याचे बारकावे तिला पेलत नाहीत. तिथे खोल जा, आणि ॲप एकाहून जास्त सिस्टीमवर चालेल असं बघा.

प्रश्न: मॅकवर खिडकी कडेला नेली की आता अर्ध्या पडद्यात बसते. हे विंडोजचंच ना?

हो. विंडोज ७ मध्ये, २००९ साली, ही सोय होती. मॅकला अशा रीतीने २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीत मिळाली. फक्त भावाला हे सांगायला जाण्याआधी १९८५ ची ती पहिली विंडोज आठवा, शेजारी शेजारी बसणाऱ्या खिडक्यांची. तेव्हा तो तिचा उणेपणा मानला गेला होता.