कर्ट वॉर्नर : नशीब किती, हात किती

प्रश्न असा आहे : ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कुणीच न घेतलेला, किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावणारा कर्ट वॉर्नर 28 व्या वर्षी एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला, हे नशीबच ना? आणि मग 2002 मध्ये तो एकदम ढेपाळला कसा?

नशिबाचा वाटा आहेच. वॉर्नर क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू. 1999 च्या सराव सामन्यात पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला नसता तर सेंट लुईस रॅम्सने वॉर्नरला उतरवलं नसतं. त्याच वर्षी क्लीव्हलँडचा नवा संघ उभा राहत होता, तेव्हा तर रॅम्सने त्याला त्या संघाला उचलता येईल असा मोकळा सोडला होता; क्लीव्हलँडनेही नेला नाही. पण त्या हंगामात फेकींतून 4,353 यार्डांची मजल आणि 41 टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवून मिळवलेले गुण) नशिबाने होत नाहीत.

त्याचं मूळ अरिना फुटबॉलमध्ये, म्हणजे या खेळाच्या छोट्या मैदानावरच्या प्रकारात आहे. 1995 ते 1997 तो आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून खेळला. बंदिस्त स्टेडियम, 50 यार्डांचं मैदान म्हणजे नेहमीच्या निम्मं, एका बाजूला आठच खेळाडू. तिथे एक रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) स्नॅपच्या, म्हणजे चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येऊन खेळ सुरू होण्याच्या, आधीच पुढे धावत सुटलेला असतो. चेंडू हातात धरून विचार करत बसायला सवडच नाही. डोळ्यांनी जागा हेरली की चेंडू सुटला पाहिजे.

रॅम्समध्ये प्रशिक्षक माइक मार्ट्झच्या आक्रमणाच्या आखणीला नेमकं हेच हवं होतं. क्वार्टरबॅक मोजून पावलं मागे येतो आणि शेवटचं पाऊल टेकताच फेकतो. रिसीव्हर आयझॅक ब्रूस अजून वळलेलाही नसतो. म्हणजे माणसाकडे नाही, तो जिथे पोचणार त्या रिकाम्या जागेकडे फेकायचं. यात अर्धा सेकंद उशीर झाला तरी बचावपटू मध्ये येतो. माझ्या मते अशी फेक वॉर्नरइतक्या निर्धास्तपणे करणारे फार थोडे झाले.

पण याची किंमत असते. चार-पाच जण झेल घ्यायला पळाले की क्वार्टरबॅकला सांभाळायला माणसं कमी उरतात. वॉर्नर पळणारा गडी नव्हता. मार खात उभा राहून फेकायचा. जानेवारी 2000 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, 16-16 अशी बरोबरी असताना प्रतिस्पर्धी बचावपटू जेव्हन कर्स येऊन धडकला, तेव्हा चेंडू हातातून सुटतच होता. तो थोडा आखूड पडला. ब्रूसने वेग कमी करून मागे वळून घेतला आणि 73 यार्डांचा टचडाउन केला. दोन वर्षांनी सुपर बोलमध्येच न्यू इंग्लंडविरुद्ध तसाच दाब आला, पण या वेळी चेंडू त्यांच्या टाय लॉच्या हातात पडला आणि तो 47 यार्ड पळत थेट टचडाउन करून आला.

आता 2002. फेकणाऱ्या उजव्या हाताच्या करंगळीचं हाड मोडलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चेंडूवरची पकड बोटांवरच असते. पकड सैल झाली की वेग, दिशा, सगळं बिघडतं. त्या हंगामात सहा सामन्यांत तो सुरुवातीपासून उतरला, संघ सहाही हरला. 3 टचडाउन, 11 इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास. 2003 च्या पहिल्याच सामन्यात सहा फंबल, म्हणजे सहा वेळा हातातून चेंडू निसटला. रॅम्सने जागा मार्क बल्जरला दिली. 2004 मध्ये न्यू यॉर्क जायंट्समध्येही नऊ सामन्यांनंतर नवख्या इलाय मॅनिंगसाठी त्याला बाजूला व्हावं लागलं.

पुढे अॅरिझोना कार्डिनल्सकडे गेल्यावर त्याने दोन्ही हातांत हातमोजे घालायला सुरुवात केली. क्वार्टरबॅक सहसा फेकणारा हात उघडा ठेवतात, म्हणून ते विचित्र दिसायचं. 2008 मध्ये 4,583 यार्ड, 30 टचडाउन, आणि कार्डिनल्स इतिहासात पहिल्यांदा सुपर बोलला पोचले.

तिथे त्याची जुनीच सवय पुन्हा अंगाशी आली. मध्यंतराच्या तोंडावर चेंडू टचडाउनपासून एका यार्डावर होता. पिट्सबर्गचा जेम्स हॅरिसन अंगावर येतोय असं भासवून मागे सरकला आणि रिसीव्हर बोल्डिनसाठी सोडलेला चेंडू त्याने वाटेतच झेलला. 100 यार्ड पळून टचडाउन. सामना 27-23 ने हातचा गेला. रिकाम्या जागेकडे फेकणाऱ्याचा घात असाच होतो, ती जागा रिकामी नसते.

तरीही जानेवारी 2010 मध्ये, 38 व्या वर्षी, ग्रीन बेविरुद्ध त्याने 33 पैकी 29 पास पूर्ण केले. पाच टचडाउन, चुकलेले पास फक्त चार. पुढच्याच आठवड्यात न्यू ऑर्लीन्सविरुद्ध इंटरसेप्शननंतर त्याला जबर धडक बसली, आणि महिना संपायच्या आत त्याने निवृत्ती जाहीर केली.