कातळशिल्पांचा अर्थ लावण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कोकणातील बारसूच्या सड्यावरील, म्हणजे उघड्या खडकाच्या पठारावरील, कातळशिल्पाविषयीचा (खडकात कोरलेल्या आकृतीविषयीचा) तुझा मसुदा वाचला. दोन वाघांच्या मधोमध उभा असलेला माणूस पाहून तुला मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील तसाच प्रसंग आठवला, हे स्वाभाविक आहे. परंतु तेवढ्याच साम्यावर दोहोंचा संबंध जोडणारी पाने तूर्त बाजूला ठेव. मुद्रा तळहातावर मावते, तर हे शिल्प सतरा मीटरांच्या आसपास लांब असून ते पाहण्यासाठी चालावे लागते. शिवाय माणूस आणि दोन्ही बाजूंना श्वापदे ही मांडणी मेसोपोटेमियासह अनेक प्राचीन संस्कृतींत आढळते. त्या प्राण्यांना वाघ ठरवताना कोणत्या खुणा धरल्यास, तेही तू लिहिलेले नाहीस.

कोकणातल्याच कशेळी गावी कातळात कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटर लांब व 13 मीटर रुंद आहे आणि त्याच्या आकृतीत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. ड्रोनमधून तो एका दृष्टिक्षेपात मावतो, पण खोदणाऱ्यांनी त्याला असा कधीच पाहिला नसणार. म्हणून तिथे गेल्यावर आधी त्याच्या कडेने फिर, कोणती आकृती कुठून सुलटी दिसते ते टिपून ठेव, आणि कोणती रेषा कोणत्या रेषेला छेदून गेली आहे ते तपास. चित्रे एकाच वेळी कोरली की टप्प्याटप्प्याने, हे कळण्याचा तो सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. उन्हे कलल्यावर उथळ खाचाही स्पष्ट दिसतात. फोटोसाठी रेषांत खडू मात्र भरू नकोस, कारण पुसट जागी खडू आपल्याच मनातला आकार पूर्ण करतो आणि पुढचा अभ्यासक तोच खरा मानतो.

काळाबाबतही असाच संयम हवा. उघड्या जांभ्या खडकावर मातीचे थर साचलेले नसल्याने कालनिश्चिती थेट होत नाही. काही ठिकाणी कोरलेला गेंडा आज कोकणात नाही, यावरून तेव्हाच्या निसर्गाविषयी काही म्हणता येते, आणि हा पुरावा मला मोलाचा वाटतो. शेतीची दृश्ये नाहीत म्हणून हे लोक शिकारी व अन्नसंकलक असावेत, हे अनुमान सयुक्तिक आहे. तरी माणसे करतात ते सगळेच कोरत नाहीत, याची नोंद त्याच परिच्छेदात असू दे.

पुढील मसुद्यात मोजमापे, रेषा व छेद आधी येऊ देत. अर्थाचे प्रकरण त्यानंतर लिही. सड्यावर पावसाआधीच जाऊन ये, कारण नंतर खाचांत पाणी साचते आणि गवतामुळे कडा दिसत नाहीत.

कळावे,
तुझा शुभचिंतक