टोकियोचं मान्सेइबाशी स्टेशन बंद का झालं?

अकिहाबाराजवळच्या लाल विटांच्या कमानींवर पूर्वी स्टेशन होतं, ते बंद का पडलं, असं विचारलंय. थोडक्यात, आजूबाजूला नवी स्टेशनं आली आणि याचे प्रवासी तिकडे वळले.

१९१२ साली सुरू झालं तेव्हा मान्सेइबाशी हे चुओ लाइनचं शेवटचं स्टेशन होतं. इमारत तात्सुनो किंगो यांची, म्हणजे ज्यांनी पुढे टोकियो स्टेशन उभं केलं तेच. समोर ट्रामचा मोठा नाका, सतत वर्दळ. पण १९१९ मध्ये लाइन पुढे टोकियो स्टेशनपर्यंत गेली, त्याच वर्षी कांडा स्टेशन उघडलं, आणि मान्सेइबाशी नुसतं वाटेवरचं स्टेशन झालं. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत ती देखणी इमारतही जळाली. १९२५ पासून अकिहाबाराला प्रवासी गाड्या थांबू लागल्या, तेही हाकेच्या अंतरावर. १९३६ मध्ये रेल्वे संग्रहालय या जागेत आलं आणि युद्धकाळात, १९४३ मध्ये, स्टेशन बंद झालं. संग्रहालय मात्र २००६ पर्यंत तिथेच होतं.

मला खरं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. कमानी पाडल्या नाहीत. २०१३ पासून त्यांत दुकानं आणि कॅफे आहेत. १९१२ चा दगडी जिना चढून जुन्या फलाटावर जाता येतं. तिथे काचेची खोली आहे, आणि दोन्ही बाजूंनी, अगदी हातभर अंतरावरून वाटावं अशा, चुओ लाइनच्या गाड्या न थांबता जातात. टोकियोला गेलात तर हा जिना नक्की चढा.