शेफील्डला नोकरी आणि राहायला ईम गाव?

ताई, तुम्ही विचारलंय की मिस्टरांना इंग्लंडमध्ये शेफील्डला जॉब मिळतोय तर जवळच्या ईम गावात घर भाड्याने घ्यावं का, आणि प्लेगचं गाव म्हणून सासूबाई घाबरल्यात. मी याच भागात राहते, तर जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे प्लेग 1665-66 चा, घाबरण्यासारखं आज काहीच नाही. लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, त्यात पिसवा होत्या असं सांगतात, आणि सप्टेंबर 1665 मध्ये त्याच्याकडे कामाला असलेला जॉर्ज व्हिकर्स आधी गेला. पुढच्या जूनमध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि आधीचे पाद्री थॉमस स्टॅनली, दोघांचे धर्माबाबतचे मतभेद असूनही एकत्र आले आणि लोकांना समजावलं की गावाबाहेर कुणी जायचं नाही, म्हणजे आजूबाजूची गावं वाचतील. आणि लोकांनी ऐकलं! बाहेरचे लोक धान्य हद्दीवर ठेवून जायचे, पैसे दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर घालून ठेवलेले असायचे, तो दगड स्टोनी मिडलटनच्या वाटेवर आजही आहे. साधारण 260 माणसं गेली, मॉम्पेसनची बायको कॅथरीनसुद्धा. एलिझाबेथ हॅन्कॉक नावाच्या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने पुरली, शेतातल्या त्या कबरींपाशी मला अजूनही बोलवत नाही. तुमच्या मुलीला हे सगळं नक्की दाखवा, पण सावकाश, समजावून.

गाव हे विसरलेलं नाही, दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ककलेट डेल्फ या घळीत उघड्यावर प्रार्थना होते, कारण प्लेगमध्ये चर्च बंद करून तिथेच जमायचे. त्याच सुमारास विहिरींना फुलांच्या पाकळ्यांची चित्रं करून सजवतात. गावात ओळखी करायच्या असतील तर तेव्हा मदतीला जा, लोक खरंच आपुलकीने घेतात.

आता राहण्याचं. गाव पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कमध्ये, डोंगरउतारावर, वस्ती हजाराच्या आतबाहेर. प्रायमरी शाळा गावातच आहे. शेफील्ड 20-22 किमी, पण रस्ता माळरानावरून जातो आणि बर्फ पडला की अडकायला होतं, त्यामुळे गाडी हवीच. बस आहे पण शहरासारखी सारखी नाही, ट्रेनसाठी ग्रिंडलफर्ड स्टेशन गाठावं लागतं. घरं दगडी आणि जुनी, दिसायला फार सुंदर पण ओल आणि हीटिंगचं बिल आधी विचारा, आणि खिडक्या बदलायच्या म्हटलं तरी घरमालकाला बऱ्याचदा नॅशनल पार्कची परवानगी काढावी लागते, तेव्हा 'नंतर बदलून देतो' यावर विसंबू नका. डिसेंबरात चारलाच अंधार पडतो, तुम्ही दिवसभर घरी एकट्या असणार असाल तर हा विचार सगळ्यात आधी करा.

माझं मत, पहिले सहा महिने शेफील्डमध्ये राहा, तिथे भारतीय किराणा, दवाखाने सगळं हाताशी आहे. ड्रायव्हिंग लायसन्सचं काम उरकून घ्या, आणि ईमचं घर बघायला जानेवारीत जा, ऑगस्टमध्ये नको.